सूर तेच, ऐकणारा वेगळा

(करमाड येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



सा, रे, ग, प, ध. या पाच स्वरांतून भूप होतो आणि देशकारही. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात, त्यात गंधारावर जोर असतो. देशकार सकाळचा, त्यात धैवतावर. ज्याला हे कुणी सांगितलेलं नाही, त्याला दोन्ही सारखेच वाटतात. सांगितल्यावर तोच माणूस फरक ओळखू लागतो.

१९७३ मध्ये डब्ल्यू. जे. डाउलिंग या मानसशास्त्रज्ञाने आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. ओळखीच्या दोन चाली त्याने एकमेकींत मिसळल्या, एक स्वर हिचा, एक तिचा. लोकांना गोंधळ ऐकू आला. पण एका चालीचं नाव आधी सांगितलं, की ती त्यातून वेगळी काढता येऊ लागली. मेंदू आठवणीतली चाल धरून ठेवतो आणि कानावर येणारे स्वर तिच्याशी ताडून पाहतो.

आता आपल्या गावांकडे बघा. एकीकडून भजन येतं, दुसरीकडून कव्वाली. ओळख नसेल तर दोन्हीकडच्यांना फक्त भोंगा ऐकू येतो. त्यात कुणी आधीच कानात भरलं असेल की 'ते मुद्दाम लावतात', तर सूर बाजूलाच राहतो, राग तेवढा येतो. अजान हे गाणं नाही, पण शब्द माहीत नसलेल्या शेजाऱ्याला तीही नुसता आवाजच वाटणार. तिचा अर्थ आपण त्याला कधी सांगितला का? आणि त्याच्या हरिपाठात काय आहे, हे कधी विचारलं का?

भीमसेन जोशींचे अभंग घराघरांत वाजतात. त्यांचे गुरू सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे गुरू उस्ताद अब्दुल करीम खाँ. खाँसाहेबांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे आणि तिथे दरवर्षी उरुसात त्यांच्या आठवणीत गाणं होतं. हे माहीत असलं की तोच अभंग आपल्याला परका वाटत नाही.

आवाज फार मोठा असेल तर कायदा सगळ्यांना सारखा आहे, तसं जरूर म्हणा. पण 'हा गोंगाट आहे' असं म्हणण्याआधी एवढं करा. या आठवड्यात एका शेजाऱ्याला विचारा, "तुम्ही जे म्हणता, ते काय आहे?" त्याने आपल्याला विचारलं, तर नीट सांगता येईल एवढी तयारीही ठेवा.