शस्त्रवैद्याच्या शेजारचे हात



घरात कोणाचे पोट दुखू लागले, की आपल्याकडे आधी एरंडेलाची बाटली निघते. पण बेंबीभोवती सुरू झालेले दुखणे काही तासांत पोटाच्या उजव्या बाजूस खाली सरकले, जोडीला मळमळ आणि बारीक ताप आला, तर एरंडेल देऊ नका, पोट चोळू नका. तडक दवाखाना गाठा. आंत्रपुच्छ, म्हणजे आपण ज्याला अपेंडिक्स म्हणतो ते, सुजलेले असण्याचा संभव असतो. आणि ते फुटले तर जिवावर बेतते.

पुढे शस्त्रक्रिया ठरते. रोगी बरा होऊन घरी आला, की आपण डॉक्टरांचे नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या वेळी डॉक्टरांच्या शेजारी आणखी एक माणूस उभा होता, त्याचे नाव आपणांस ठाऊकही नसते. मी काही वैद्य नव्हे, महाविद्यालयात शिकवणारा माणूस. माझी एक जुनी विद्यार्थिनी हे काम करते. तिने समजावून सांगितले तेव्हा कुठे मला ते कळले.

या माणसाला स्क्रब टेक्निशियन म्हणतात. पुष्कळ रुग्णालयांत हेच काम परिचारिका करतात. स्क्रब म्हणजे घासणे. कोपरापर्यंत हात घासून धुवायचे, मग निर्जंतुक झगा आणि हातमोजे घालायचे; त्यानंतर निर्जंतुक नसलेल्या कशालाही हात लावायचा नाही. नाक खाजले तरी नाही! या हातमोज्यांचीही एक गोष्ट आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९-९० च्या सुमारास कॅरोलाइन हॅम्पटन नावाच्या परिचारिकेचे हात जंतुनाशक औषधाने सोलवटू लागले. शस्त्रवैद्य विल्यम हॉल्स्टेड यांनी तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. आज ते सगळ्यांच्याच हातांत असतात. त्यांचा वापर तेथे सुरू झाला, तो मात्र शेजारी उभ्या असलेल्या बाईचे हात जपण्यासाठी.

आता दुर्बिणीची शस्त्रक्रिया. जर्मनीतील कील येथील कुर्ट झेम यांनी १९८० साली या रीतीने प्रथम आंत्रपुच्छ काढले. हिच्यात पोट मोठे चिरत नाहीत. बेंबीपाशी एक आणि खाली दोन, अशी बहुधा तीन लहान छिद्रे पाडतात. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात, आणि दुर्बिणीने आतले चित्र पडद्यावर पाहतात.

डॉक्टरांचे डोळे त्या पडद्यावर खिळलेले असतात. ते नुसता हात पुढे करतात. त्या हातात हवे ते उपकरण, योग्य बाजूने, तोंड मिटलेले असे पडले पाहिजे. म्हणून टेक्निशियनही पडदा पाहत असतो. आंत्रपुच्छाची रक्तवाहिनी बंद होत आली, की बुडाशी आवळायचा फास त्याने तयार ठेवलेला असतो. फास बसला, की कातरी. आणि मग तुकडा बाहेर काढण्याची छोटी पिशवी. गरम चहाच्या पेल्याजवळ चष्मा नेला तर काचेवर वाफ धरते ना, तशीच पोटातल्या उबेने दुर्बिणीची काच धुरकट होते. ती कोमट पाण्यात बुडवून, पुसून परत द्यायची. प्रकाशाच्या केबलचे टोक इतके तापते, की चादरीवर विसरले तर चादर जळेल, तिकडेही लक्ष. आणि पोट उघडण्याची वेळ आलीच, तर त्याची हत्यारे मोजून जवळ तयार असतात.

पण या सर्वांहून मोठे काम आहे मोजण्याचे. सुरुवातीस गॉजचे तुकडे, सुया, उपकरणे दोघांनी मोठ्याने मोजायची. शेवटी पुन्हा मोजायची. आत गेलेले उपकरण परत आले, की त्याचा एखादा कण तुटून राहिला नाही ना, हे पाहायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी जी यादी दिली, तीतही रोगी बाहेर नेण्यापूर्वी मोजणी पुरी झाल्याचे तोंडाने सांगावयाचे असते.

माझ्या विद्यार्थिनीच्या नोकरीचे ते पहिलेच वर्ष. रात्र झालेली, सगळे थकलेले, डॉक्टर टाका घालण्याच्या बेतात. गॉजचा एक तुकडा कमी भरला. तिने पुन्हा मोजले. कमीच. "सर, तोंडाला कोरड पडली," असे ती मला म्हणाली, "पण बोलले. म्हटलं, थांबा, एक कमी आहे." सगळे थांबले. खोली धुंडाळली, दुर्बिणीने पोटात पुन्हा पाहिले. तुकडा अखेर चादरीच्या घडीत सापडला. काच पुसून तिनेच तो तिथे ठेवला होता! ती शरमली. डॉक्टर रागावले नाहीत, की शाबासकीही दिली नाही. सुई हातात धरून त्यांनी एवढेच विचारले, "आता पुरे आहेत? घालू टाका?" तिने हो म्हटले, तेव्हाच त्यांनी टाका घातला.

शिक्षक बंधुभगिनींनो, ही हकीकत ऐकून मी जरा विचारात पडलो. ही मुलगी माझ्या वर्गात चार वेळा विचारल्याखेरीज बोलत नसे, आणि मी तिला शांत, गुणी म्हणत असे. फळ्यावर माझी चूक झाली, तर ती तिला दिसत असेलही. दाखवण्याची सवय मी तिला लावली नव्हती. ती तिला शस्त्रक्रियागृहात लागली. बारावीला विज्ञान घेतलेल्या मुलामुलींना या कामाचे शिक्षण घेता येते, आणि अशा व्यवसायांसाठी संसदेने २०२१ साली स्वतंत्र कायदाही केला आहे. आपल्या शाळेतल्या मुलांना हे जरूर सांगा. त्याबरोबर, उद्या वर्गात एखादे पोर हळूच म्हणाले, "गुरुजी, बेरीज चुकली," तर त्याला खाली बसवू नका. खडू खाली ठेवा, आणि त्याच्याबरोबर पुन्हा मोजा.