रंगमंचावरून कचराकुंडीकडे

पावसाळ्यात मोठ्या उधाणानंतर मुरुडच्या किनाऱ्यावर फेरी मारली, की वाळूत काय काय दिसतं! पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, जाळ्यांचे तुटके नायलॉनचे तुकडे. हे उचलतं कोण?

हाच प्रश्न पुण्याचे नाट्यदिग्दर्शक आणि अभिनेते अतुल पेठे यांनी कॅमेऱ्यातून विचारला. मकरंद साठे यांचं ‘सूर्य पाहिलेला माणूस’ हे नाटक त्यांनी डॉ. श्रीराम लागूंना घेऊन रंगमंचावर आणलं होतं. नाटकात नाव कमावलेला हा माणूस ‘कचराकोंडी’ हा माहितीपट करायला थेट सफाई कामगारांमध्ये गेला. ओल्या कचऱ्यात आपण बिनदिक्कत फुटकी काच टाकतो आणि ती रुतते उघड्या हातात. असे हात पडद्यावर यायलाच हवे होते.

पेठे तिथेच थांबले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. 2012मध्ये गो. पु. देशपांडे यांचं जोतीराव फुल्यांवरचं ‘सत्यशोधक’ त्यांनी बसवलं, त्यात पुणे महापालिकेचे सफाई कामगार स्वतः नट म्हणून उभे राहिले.

मुरुडकरांनो, आज एवढंच करा: फुटकी काच जाड कागदात गुंडाळून, वेगळी बांधून द्या.