ई-मेलमधील मराठी अक्षरें



'गणेश' या नांवाच्या जागीं चार प्रश्नचिन्हें असलेलें पत्र आलें, तर तें आपलें असें कोणी म्हणावें? शाळा व बँका यांचीं पुष्कळशीं पत्रें आज संगणकाचा प्रोग्राम तयार करतो आणि ई-मेलनें धाडतो. त्यांत मराठी अक्षरांची कधीं कधीं दैना होते. ती कां होते, हें आज पाहूं.

संगणक अक्षर जाणत नाहीं, आंकडा जाणतो. अक्षरांस आंकडे देणाऱ्या 'आस्की' नांवाच्या अमेरिकन तक्त्यांत अवघीं १२८ स्थानें आहेत. रोमन अक्षरें, अंक, विरामचिन्हें व यंत्रासाठीं कांहीं खुणा एवढ्यांतच तीं संपलीं. १९८२ सालचे ई-मेलचे नियम याच तक्त्यावर बेतलेले होते.

पुढें युनिकोडनें देवनागरीस क्रमांक दिले, आणि १९९२ सालीं केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं ते मांडण्याची 'यूटीएफ-८' ही रीत योजिली. तींत 'क' हें अक्षर २२४, १६४ व १४९ अशा तीन आंकड्यांनीं लिहितात. वाचणाऱ्या यंत्रास ही रीत ठाऊक नसेल, तर तें प्रत्येक आंकड्याचें निराळें चिन्ह करतें. मग एका 'क'ऐवजीं माथ्यावर तिरपी रेघ असलेला रोमन 'ए', एक चलनाची खूण आणि एक ठिपका उमटतो. हें दुखणें सहसा बरें होतें. आंकडे शाबूत असल्यास योग्य रीतीनें वाचतांच 'क' परत मिळतो. प्रश्नचिन्हाचें तसें नाहीं. तेथें प्रोग्रामनें अक्षर अपुऱ्या तक्त्यांत कोंबूं पाहिलें, आणि न मावल्यामुळें मूळ आंकडाच टाकून दिला. गणेश असो वा रमेश, दोघांचींही चारच प्रश्नचिन्हें!

यावर उपाय १९९२ च्याच 'माइम' नियमांनीं दिला. मजकुराआधीं 'हा मजकूर यूटीएफ-८ चा आहे' अशी ओळ घालावी, आणि 'बेस-६४' पद्धतीनें दर तीन आंकड्यांचीं चार साधीं चिन्हें करून तो धाडावा. परंतु पत्राचा विषय व पाठविणाऱ्याचें नांव यांना ती ओळ लागू होत नाहीं. त्यांची निराळी पुडी बांधून तिजवरही रीतीचें नांव लिहावें लागतें. एका पुडींत ७५ च चिन्हें चालतात. म्हणजे देवनागरीचीं अक्षरें व मात्रा मिळून सुमारें १५. विषय लांब असेल तर दुसरी पुडी करावी. मात्र एका अक्षराचे तीन आंकडे दोन पुड्यांत विभागूं नयेत. येथेंच पुष्कळ प्रोग्राम चुकतात. मजकूर स्वच्छ आणि विषय मात्र विद्रूप, असें पत्र येतें तें यामुळें. २०१२ च्या नियमांनीं पुडीवांचून विषय धाडण्याची मुभा दिली खरी, पण त्यासाठीं वाटेंतील सर्व यंत्रांची संमति लागते.

म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्या तरुणांस सांगणें एवढेंच कीं, या पुड्या हातानें बांधूं नयेत. पायथन भाषेंत 'ईमेलमेसेज' नांवाची तयार सोय आहे, तिच्यावर हें काम सोंपवावें. आणि पत्र लोकांस धाडण्यापूर्वीं जोडाक्षरांनीं भरलेलें एक लांबलचक मराठी नांव घालून तें आधीं स्वतःस धाडून पाहावें. रोमन लिपींतील 'टेस्ट' हा शब्द या परीक्षेंत कधींच नापास होत नाहीं. म्हणूनच तो परीक्षेस बसविण्यांत अर्थ नाहीं.