गोष्ट आपल्याच घरातली

(कुपवाड येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



शाळेसाठी गोष्ट कशी लिहावी, याविषयी मी आज चार शब्द बोलणार आहे. परीक्षेत मुद्दे दिलेले असतात. ते जोडायचे, शीर्षक द्यायचे, तात्पर्य लिहायचे. सरावासाठी हे ठीकच आहे. परंतु ‘स्वतःच्या मनाने गोष्ट लिहा’ म्हटले, की मुले थबकतात. मग वहीत राजा येतो, लाकूडतोड्या येतो. पण एमआयडीसीतून रात्रपाळी करून आलेले अब्बा येत नाहीत, शिलाई मशीनवर वाकलेली अम्मा येत नाही. आपले घर गोष्टीत शोभणार नाही, असे मुलाला वाटते. असे वाटणारे मूल पुढे चारचौघांतही आपल्या घराविषयी बोलायला कचरते.

आपल्याच सांगली जिल्ह्यातले दाखले पाहा. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे शाळेत नावापुरतेच गेले. पण आपल्या माणसांवर लिहिलेली त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली निघाली आणि अजून वाचली जाते. माडगूळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ १९४९ चे. त्यात ‘झेल्या’ हा शाळकरी पोर आहे, ‘मुलाण्याचा बकस’ आहे, ‘तांबोळ्याची खाला’ही आहे. आपल्या खालेची गोष्ट शेजाऱ्याने जिव्हाळ्याने लिहिली. आता घरच्यांनीही लिहायला नको का?

विद्यार्थी मित्रांनो, सबंध आयुष्य लिहू नका. एकच प्रसंग घ्या. कोणाला काय हवे होते आणि आड काय आले, एवढे पक्के करा. फीचे पैसे भरायचे आहेत आणि पगार लांबला आहे, एवढ्यावर गोष्ट उभी राहते. माणसे बोलतील तेथे ती घरच्यासारखी बोलू द्या. आजी ‘नक्को’ म्हणत असेल, तर ‘नक्को’च लिहा. आपल्या दखनीतला तो शब्द मराठीतल्या ‘नको’वरूनच आला आहे, त्याची लाज कसली?

लिहून झाले की अम्मीला वाचून दाखवा. तिला मराठी वाचता येत नसले तरी ऐकता येते. ती ‘मग काय झालं?’ म्हणाली, तर गोष्ट जिवंत आहे. जेथे ती उठून चूल पाहायला गेली, तो मजकूर पुन्हा लिहा. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून जवारी काढल्याशिवाय तो गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही. आपणही पहिला खर्डा गुरुजींच्या हाती देऊ नये.

पालकांना एक भीती वाटते, की घरातले चव्हाट्यावर येईल. ही भीती रास्त आहे. नाव बदला, गल्ली बदला, काका असेल तर मामा करा. मन खरे असले म्हणजे पुरे. मात्र मुलाच्या हातून वही घेऊन गोष्ट तुम्ही लिहू नका. त्याने विचारले, तर तुमच्या लहानपणाची एखादी हकीकत सांगा. तेवढी मदत भरपूर आहे.

१९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. यू. म. पठाण. वाट मळलेली आहे. तिच्यावरचे पहिले पाऊल शाळेच्या वहीत पडते. ते पाऊल आपल्या मुलांना टाकू द्या, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.