थांबणारी साथ
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



हीरक महोत्सवात मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांचा आढावा घ्यावा, ही अपेक्षा रास्तच आहे. तो आढावा अहवालात छापलेला आहे. मी आज आपल्या संगीतकक्षातील एका यंत्राविषयी बोलणार आहे. त्या यंत्रामुळे मला माझी एक चूक कळली, आणि ती आपणा सर्वांसमोर सांगावी असे वाटते.

चेन्नईत मृदंग शिकवणारे गुरू मिळतात. पण स्नेहसंमेलनाच्या तालमींना महिनाभर येऊ शकेल असा तबलजी मिळवणे आपल्याला दरवर्षी जड जाते. म्हणून शाळेने अरेंजर कीबोर्ड घेतला. डाव्या हाताने एक कॉर्ड दाबली की हे वाद्य ठेका, खर्जाचे स्वर आणि पार्श्वसंगीत आपोआप वाजवू लागते. त्या ठरावीक साच्याला ‘स्टाइल’ म्हणतात. प्रत्येक स्टाइलमध्ये सुरुवातीचा इंट्रो, मुख्य भागाचे दोन ते चार प्रकार, मध्ये भरायचा फिल आणि शेवट अशी बटणे असतात. भारतीय बाजारासाठी बनवलेल्या वाद्यांत तबला, तानपुरा आणि भजनाच्या स्टाइलही असतात.

गेल्या संमेलनात पाचवीच्या मुलांनी एक अभंग म्हटला. दुसऱ्या चरणाशी मुख्य गाणारी मुलगी क्षणभर अडखळली. तबलजी असता तर त्याने तिच्याकडे पाहून एक आवर्तन नुसता ठेका धरला असता. यंत्र पुढे गेले. मागची मुले काही यंत्राबरोबर, काही तिच्याबरोबर अशी विभागली गेली. कीबोर्डपाशी बसलेला मुलगा हात आखडून बसून राहिला. प्रेक्षकांनी मायेने टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमानंतर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “बाई, मी बंद केलं असतं तर चाललं असतं का?” काय उत्तर देणार? आदल्या दिवशी मीच त्याला बजावले होते, “काही झालं तरी कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही.”

दोष यंत्राचा नव्हता. यंत्र ऐकत नाही, हे आम्ही गृहीतच धरले नव्हते. नंतर संगीतशिक्षिकेसह आम्ही दोन महिने त्या वाद्यापाशी बसलो. तेथे उमगलेल्या गोष्टी घरी कीबोर्ड असलेल्या पालकांनाही उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट लयीची. आम्ही पूर्वी स्टाइलची मूळ गती तशीच ठेवून मुलांना तिच्यामागे पळवत होतो. आता मुले आधी साथीशिवाय गातात. शिक्षिका घड्याळ लावून पंधरा सेकंदांतल्या मात्रा मोजतात. चोवीस मात्रा आल्या तर मिनिटाला ९६, आणि तीच गती वाद्यावर लावायची.

दुसरी गोष्ट पट्टीची. गाणे पांढरी एकमध्ये बसवले आणि मुलांचा गळा काळी एकमध्ये मोकळा लागला, तर ट्रान्सपोज एकने वाढवायचा. बोटे तीच राहतात. मात्र गाणे सुरू होण्यापूर्वीच हे करायचे आणि संपताच आकडा पुन्हा शून्यावर आणायचा; नाहीतर पुढचे गाणे भलत्याच पट्टीत सुरू होते.

तिसरी गोष्ट समेची. ‘सिंक्रो स्टार्ट’ लावले की डाव्या हाताची पहिली कळ दाबताच ठेका सुरू होतो. आपली बरीच गाणी समेच्या आधी उठतात. पहिल्या शब्दाबरोबर कळ दाबली तर ठेका संपूर्ण गाणेभर सरकलेला राहतो. म्हणून उठावाचे शब्द मुलांनी नुसते गायचे आणि कळ समेवर दाबायची. तसेच यंत्राचे एक घर बहुधा चार ठोक्यांचे असते. आपले आठ मात्रांचे आवर्तन कधी एका घरात बसते, कधी दोन घरांत पसरते. दोन घरांत पसरले असेल तर फिल दुसऱ्या घरात दाबायचा, म्हणजे तो समेवर येऊन सुटतो. दादऱ्याला सहाच्या अंगाची स्टाइल चालते. रूपकाच्या सात मात्रांना मात्र सातांचीच स्टाइल हवी. ती नसेल तर यंत्र बंद ठेवून टाळ्या द्याव्यात.

चौथी गोष्ट कॉर्डची. आपले गाणे रागावर उभे असते आणि यंत्राची साथ बदलत्या कॉर्डवर. भजनात दर ओळीला कॉर्ड बदलली की सूर कोठेतरी परके वाटू लागतात. त्यामुळे आता अभंगाला आम्ही बहुतेक वेळा आपोआप कॉर्ड वाजवणारी सोय बंद करतो. मग फक्त ठेका उरतो. खाली षड्ज-पंचमाचा तानपुरा ठेवतो. मोठ्या वाद्यांत खर्ज, कॉर्ड आणि सजावटीचे भाग वेगवेगळे बंद करता येतात. नवे वाद्य हाती आले की सगळेच वाजवून पाहण्याचा मोह होतो. साथ सुधारते ती त्यातले भाग वगळल्याने.

पाचवी गोष्ट सभागृहाची. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समोरची भिंत सतरा मीटरवर असेल तर तिच्यावरून परतणारा आवाज सेकंदाच्या एक दशांशाने उशिरा येतो. मिनिटाला ९६च्या लयीत हा मात्रेचा जवळजवळ सहावा भाग झाला. मुलांना केवळ हा परतीचा ठेका ऐकू आला तर ती मागे पडणारच. म्हणून एक लहान स्पीकर मुलांकडे तोंड करून ठेवतो. प्रत्येक गाण्याची गती, पट्टी आणि आवाज रजिस्ट्रेशन मेमरीत साठवतो, म्हणजे रंगमंचावर एकच बटण दाबावे लागते.

परके वाद्य आपल्या गाण्यासाठी जुळवून घेण्याची ही परंपरा याच शहरात जुनी आहे. व्हायोलिन कर्नाटक संगीतात आणण्याचे श्रेय मुथुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी दीक्षितर यांना दिले जाते. मद्रास परिसरात ते युरोपीय वादनपद्धती शिकले. पुढे त्या वाद्याच्या तारा सा-प-सा-प अशा लागल्या आणि वादक मांडी घालून, वाद्याचे टोक घोट्यावर टेकवून बसू लागला. वाद्य तेच राहिले, पण ते गायकाचे ऐकू लागले.

आपल्या मराठीनेही या प्रदेशाला साथीचा एक धडा दिला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर यांची मराठी कीर्तने तंजावरात गाजली. त्यांचा प्रभाव घेऊन तंजावूर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले प्रकार त्या हरिकथेत रुजले. कीर्तनात बुवा गाता गाता थांबतात, दृष्टान्त सांगतात, श्रोत्यांना हसवतात आणि पुन्हा पदावर येतात. त्या वेळी साथीदार हात आवरून वाट पाहतो. ती वाट पाहणे हाही साथीचाच भाग आहे.

ते यंत्राला जमत नाही. म्हणून ते काम मुलाकडे सोपवावे लागते. मी त्याच्याकडून नेमके तेच काढून घेतले होते. त्याला बटणाचा पहारेकरी केले, संगतकार होऊ दिले नाही. आता आमचा नियम उलटा आहे. कीबोर्डवर बसणाऱ्याने पडद्याकडे नव्हे, गाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायचे. उजवा हात ‘स्टार्ट-स्टॉप’ बटणाजवळ राहील. गाणारा अडखळला तर ठेका थांबवायचा, तानपुरा चालू ठेवायचा, आणि तो सावरला की पुढच्या समेवर पुन्हा सुरू करायचे. त्यासाठी कोणाची परवानगी घ्यायची नाही. तालमीत आम्ही मुद्दाम अडखळण्याचाही सराव घेतो, आणि मुलांना तो फार आवडतो.

त्या मुलाला मी उत्तर दिले, तेव्हा मध्ये दोन महिने गेले होते. “चाललं असतं,” मी म्हणाले, “आणि तू बंद करायला हवं होतंस, हे मी तुला आधी सांगायला हवं होतं.” तो हसला आणि म्हणाला, “मग आता मीच बसू ना, बाई?” आज सायंकाळच्या कार्यक्रमात तोच साथीला आहे.

शेवटी दोन विनंत्या. पालकहो, मुलासाठी कीबोर्ड घ्याल तेव्हा आठवड्यातून एक दिवस स्टाइल बंद ठेवा आणि घरातल्या कोणीतरी गावे. मुलाने त्यामागे जावे. आणि माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी जे तबला शिकले आहेत, त्यांनी महिन्यातून एक सायंकाळ शाळेला द्यावी. यंत्राने आमची अडचण भागवली आहे. पण तबला शिकणारे एकही मूल शाळेत उरले नाही, असे त्या सोयीमुळे होऊ नये. डग्ग्यावर हात ठेवून बसणारी दोन मुले तयार झाली, तर यंत्र कपाटात ठेवायला मला मुळीच वाईट वाटणार नाही.