औषधाच्या फळीवर तंबाखू

दम्यानें गांजलेला एखादा गृहस्थ नाशिकच्या रविवार कारंजावरून औषध घेण्यास निघाला आहे, अशी कल्पना करावी. डॉक्टरांची चिठ्ठी हातांत आहे. धूम्रपान सोडण्याचा निश्चय कालच झाला आहे. दुकान नव्या धर्तीचें. एका बाजूस औषधें, दुसऱ्या बाजूस किराणा, आणि पैसे चुकते करावयाच्या ठिकाणीं, अगदीं डोळ्यांपुढें, सिगारेटचीं पाकिटें. बिचाऱ्याचा निश्चय टिकावा कसा?

२००३ च्या केंद्रीय कायद्यानें १८ वर्षांखालील व्यक्तीस, तसेंच शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आंत, तंबाखू विकण्यास मनाई केली. शाळेचें पावित्र्य कायद्यानें ओळखलें. औषधाच्या दुकानाचें मात्र त्या कलमांत नांव नाहीं.

औषध व तंबाखू यांची गल्लत महाराष्ट्रास नवी नाहीं. मशेरी दांतांस हितकर, या समजुतीनें कित्येक घरांतील स्त्रिया तिच्या आहारीं गेल्या. १९९२ सालीं केंद्र सरकारनें १९४० च्या औषधविषयक कायद्यान्वयें दंतमंजनांत व टूथपेस्टमध्यें तंबाखू घालण्यास बंदी केली. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती उचलून धरली. घरीं भाजलेली मशेरी उरलीच; पण तंबाखूस औषध म्हणून मिरविण्याची सोय राहिली नाहीं.

अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को शहरानें २००८ सालीं औषधांच्या दुकानांतील तंबाखूविक्रीस बंदी केली. २०१४ सालीं सीव्हीएस या कंपनीनें तर आपल्या ७,००० हून अधिक दुकानांतून ती आपण होऊन काढून टाकली.

यावर दुकानदार म्हणेल, शेजारीं पानाची टपरी आहेच. मग येथल्या बंदीनें काय साधणार? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. सिन्नरच्या विडीवर पोट भरणाऱ्या कुटुंबांचा विचारही सोडतां येत नाहीं. परंतु ही मागणी सरसकट तंबाखूबंदीची नाहीं. टपरीवर माणूस हौसेनें जातो, औषधाच्या दुकानांत विश्वासानें. तंबाखू सोडविणारा निकोटीनचा गम जेथें मिळतो, तेथेंच तंबाखूही विकावी, म्हणजे एका हातानें मलम लावून दुसऱ्या हातानें जखम उकरण्यासारखें आहे.

उपाय सोपा आहे. ज्या छपराखालीं औषधविक्रीचा परवाना, तेथें तंबाखूचा व्यवहार नको, अशी अट परवान्यांतच घालावी. तोंवर नाशिकच्या औषधविक्रेत्यांनीं हा नेम आपण होऊन पाळावा. आणि ग्राहकांनींही औषध घेतां घेतां, ‘येथें तंबाखू कां?’ एवढें सौजन्यानें विचारावें.