मुलांचे बेसबॉल : मैदान, नियम आणि कोवळा खांदा

पेन्सिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट येथे १९३९ साली कार्ल स्टॉट्झ यांनी ‘लिटल लीग’ सुरू केली. प्रौढांच्या मैदानावर दोन बेसमधील अंतर ९० फूट; मुलांसाठी ते ६० फूट ठरले. चेंडूफेकीचे अंतर आज ४६ फूट आहे. येथे चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचल्याखेरीज धावकाने बेस सोडावयाचा नाही, आणि प्रत्येक मुलास खेळण्याची किमान संधी द्यावीच लागते. मला हा नियम सर्वांत मोलाचा वाटतो.

निवडक मुलांच्या स्पर्धात्मक संघांत बारा वर्षांच्या वयास बहुधा ७० फुटांवर बेस व ५० फुटांची चेंडूफेक असते. धावकास आधीच पुढे सरकण्याची मुभा असते. खेळ रंगतो खरा, परंतु कोणास खेळवावयाचे हे बव्हंशी प्रशिक्षकाच्या मर्जीवर राहते.

अधिक चिंता खांद्याची. २००७ पासून लिटल लीगमध्ये फेकलेले चेंडू मोजले जातात. अकरा-बारा वर्षांच्या मुलास दिवसाची मर्यादा ८५; ६६ वा अधिक फेकल्यास चार दिवस विश्रांती. मात्र तोच मुलगा दुसऱ्या दिवशी अन्य संघातून उतरला, तर दोन्ही वह्यांतील आकड्यांची बेरीज पालकांनाच ठेवावी लागते.